राज्यपालाचे हत्ती

जालन्यात आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सची पाच दुकानं होती. चार दुकानांत काम पाच मिनिटांत व्हायचं. पाचव्यात दोन तास लागायचे, आणि गर्दी कायम तिथंच असायची.

मी टेंभुर्णीहून बी.ए.ला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात घाईघाईनं त्या पाचव्या दुकानात शिरले. उत्पन्नाच्या दाखल्याच्या दोन प्रती हव्या होत्या. काउंटरमागच्या म्हाताऱ्यानं दाखला घेतला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. वरचा शिक्का वाचला, वडिलांचं नाव वाचलं, तालुका वाचला, खालची बारीक टीपसुद्धा वाचली. मला वाटलं, काहीतरी भानगड आहे. मी म्हटलं, "चाचा, जरा जल्दी होईल का?"

"जल्दी असंल तर पुढं चार दुकानं हायेत, बेटी. हितं वाचल्याबिगर कागद मशीनमधी जात न्हाई."

"पण तुम्हाला वाचून काय करायचंय?"

"मशीनला डोळे न्हाईत," ते म्हणाले. "म्हणून तर मला ठेवलंय."

माझ्या दाखल्यावर गावाचा तालुका भोकरदन पडला होता. आमचा तालुका जाफ्राबाद. तहसीलमध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, वडिलांच्या नव्हतं, माझ्याही नव्हतं. त्या दिवशी मला प्रती मिळाल्या नाहीत, आणि आठ दिवसांनी दुरुस्त दाखला आणल्यावरच मिळाल्या. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बाकीच्यांचे अर्ज धडाधड परत यायला लागले, तेव्हा ते शब्द मी मुकाट्यानं मागे घेतले.

त्यांना सगळं कॉलेज चाचा म्हणायचं. प्राचार्यसुद्धा. ते काय काय वाचायचे याला धरबंध नव्हता. भाडेकरार, लग्नपत्रिका, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळं सारख्याच गंभीर चेहऱ्यानं. एकदा एका मुलानं स्वतः लिहिलेली प्रेमाची कविता आणली आणि हळूच तीन प्रती मागितल्या. चाचांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि भर रांगेत विचारलं, "तीन कशाला? पोरी तीन हायेत का?" मुलाचे कान लाल झाले. "एक देतो. बाकीच्या दोघींसाठी नवीन लिहून आण. कागद दोन झाले म्हणून मन दोन होत न्हाई."

परीक्षेच्या दिवसांत तर त्यांचा विक्षिप्तपणा कळसाला पोचायचा. तेव्हा बाकीच्या दुकानांत मायक्रोचा धंदा जोरात चाले. मायक्रो म्हणजे उत्तरं मुंगीएवढ्या अक्षरांत बारीक करून घ्यायची, की चिठ्ठी बाहीत मावली पाहिजे. नवखा कुणी चाचांकडे मायक्रो मागायला आला की ते काळजीनं म्हणायचे, "इतकं बारीक? डोळे खराब होतील ना रे." आणि तेच उत्तर दुप्पट मोठं करून, वर्तमानपत्राएवढ्या कागदावर काढून त्याच्या हातात ठेवायचे. एकानं तो कागद रागानं गुंडाळून नेला, खोलीच्या भिंतीला चिकटवला आणि येता-जाता वाचून पास झाला. हे त्यानंच पुढे पेढे वाटताना सांगितलं.

तर वाचण्यामुळं वेळ लागायचा, वेळ लागायचा म्हणून रांग लागायची, आणि रांगेला बसायला म्हणून दुकानासमोर एक फळी आली. सिमेंटच्या दोन खांबांवर टाकलेली, सात जणांची. मग फळी बघून चहाची गाडी आली. चहा बघून जे झेरॉक्सला आलेच नव्हते ते आले. शहरात बसण्याच्या जागा कमी नव्हत्या. मोती तलावाचा कठडा होता, पण तो जोड्यांचा. कॅन्टीन होतं, पण तिथं अर्धा तास झाला की पोऱ्या येऊन टेबल पुसायला लागायचा. बसस्टँड अप-डाऊनवाल्यांचं. फळी मात्र कुणाचीही होती. माझी रूममेट शीतल भोकरदनची. आम्ही दोघी जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत एका खोलीत राहायचो, आणि खोलीत फक्त झोपायला जायचो.

टेंभुर्णीत मुलगी पारावर बसत नाही. कुणी अडवत नाही, पण बसत नाही. त्या फळीवर मी पहिल्यांदा भर रस्त्यात पाय हलवत बसले, मोठ्यानं हसले, मुलांशी राजकारणावर भांडले आणि जिंकले. मला तेव्हाच कळलं होतं की मी परत जाणार नाही. डिग्री वगैरे नंतरची गोष्ट.

पण वडिलांचा शब्द होता. आमची पिठाची गिरणी. मला जालन्याला ठेवायला सगळ्या भावकीचा विरोध होता, आणि त्यांच्यासमोर बाबांनी सांगितलं होतं, "तीन वर्षं शिकंल. एक बी विषय राह्यला तर त्या दिवशी घरी." बाबा वाईट नव्हते. शब्द पाळणारे होते, आणि अशा माणसांची भीती जास्त वाटते.

दुसऱ्या वर्षी माझा विषय राहिला. राज्यशास्त्र.

मला ते खरंच वाटेना. पेपर मला अख्खा पाठ होता. नोट्समधला शब्दन् शब्द उतरवला होता. त्या नोट्स म्हणजे साध्यासुध्या नव्हत्या, चाचांच्या दुकानातल्या मास्टर सेटच्या होत्या. कधीकाळच्या एका हुशार मुलीच्या हस्ताक्षरातला तो सेट चाचांच्या कपाटात असायचा, आणि दरवर्षी अख्खा वर्ग त्याच्या प्रती न्यायचा. इतकी वर्षं सगळे पास झाले आणि मीच नापास? तपासणाऱ्यानं अन्याय केला, याबद्दल माझी खात्री होती. बाबांचा फोन आला होता, महिनाअखेर खोली सोड म्हणून. मी पुनर्मूल्यांकनासाठी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. ती आली, आणि अर्जाला जोडायला तिची आणखी एक प्रत काढावी म्हणून मी चाचांकडे गेले.

चाचा नेहमीप्रमाणे वाचायला लागले. मी फळीवर बसले. दहा मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"बेटी, हे हत्ती कुठून आले?"

"कुठले हत्ती?"

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढं ठेवला. प्रश्न होता राज्यपालाचे अधिकार. माझ्याच अक्षरात, सुवाच्य, क्रमांक घालून लिहिलं होतं: एक, सुभ्यातील हत्ती, घोडे व उंट यांची मोजदाद करणे. दोन, नदीवरील घाटांवर जकात वसूल करणे. तीन, बंडखोर जमीनदारांचा बंदोबस्त करणे. समासात तपासणाऱ्यानं एकच शब्द लिहिला होता, 'हत्ती?' आणि त्याभोवती गोल केला होता. त्यानंतर बहुधा त्याचा माझ्यावरचा विश्वासच उडाला असावा, कारण पुढची उत्तरंही त्यानं फार बारकाईनं तपासली होती.

"नोट्समध्ये असंच आहे," मी म्हटलं.

चाचा उठले. कपाटातून मास्टर सेट काढला, अंगठ्याला पाणी लावून पानं उलटली. अठराव्या पानाच्या शेवटी होतं, 'राज्यपालास पुढील अधिकार असतात'. एकोणिसाव्या पानावर हत्ती. मग त्यांनी इतिहासाचा सेट काढला. मुलगी तीच, अक्षर तेच, शाई तीच. तिथं सुभेदाराचे अधिकार होते, आणि एकोणिसाव्या पानावर सुभेदार विधानसभेचं अधिवेशन बोलावत होता आणि विधेयकांना संमती देत होता.

कधीतरी, सेट बांधताना, टेबलावरच्या पंख्यानं पानं उडाली होती. चाचांनी ती गोळा केली आणि आकडे बघून लावली. एकोणीसच्या जागी एकोणीस. आत जाणारा प्रत्येक कागद ते वाचत; बाहेर आलेला कधीच वाचत नसत. आणि मास्टर सेट तर एकदा वाचलेला, तो पुन्हा काय वाचायचा?

मला आधी हसू आलं, मग रडू. म्हणजे वर्षानुवर्षं जालन्याची पोरं राज्यपालाकडून हत्ती मोजून घेत होती, आणि पास होत होती!

"या माणसानं वाचलं," चाचा त्या समासातल्या गोलाकडे बघत म्हणाले. "इतक्या वर्षांत एकानं वाचलं. सलाम त्याला." मग माझ्याकडे वळून, "अर्ज फाडून टाक. त्यानं मार्क बराबर दिलेत."

मी भडकले. "चूक तुमची आणि शिक्षा मला? माझं शिक्षण बंद होतंय चाचा. महिनाअखेर खोली सोडायचीय मला."

त्यांनी पंख्याची पिन काढली, पंखा उचलला आणि चहाच्या गाडीवाल्याला देऊन टाकला. जालन्याचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला याचा अर्थ कळेल. मग म्हणाले, "उद्या सकाळची टेंभुर्णीची गाडी किती वाजता असती?"

ते ऐन प्रवेशाचे दिवस होते, झेरॉक्सवाल्याची सुगी. चाचांचं दुकान बंद असलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एसटीत ते खिडकीशी ताठ बसले होते, मांडीवर दोन्ही मास्टर सेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले. सगळ्या वाटेत ते माझ्याशी एवढंच बोलले. "मी तुझी वकिली करायला येऊन न्हाई राह्यलो. खरं सांगायला येऊन राह्यलो." पण मला वकीलच हवा होता.

गिरणी चालू होती. बाबांनी आम्हाला पाहिलं, नुसती मान हलवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. चाचांनी आवाज चढवून सगळं सांगितलं. पानं काढून दाखवली. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी माझी पोरगी तुमच्यामुळं नापास झाली म्हणता?"

"न्हाई भाऊ," चाचा म्हणाले. "पान माझ्यामुळं चुकलं. नापास ती तिच्यामुळं झाली. न वाचता पाठ केलं तिनं. राज्यपालाला हत्ती कशाला लागतील, एवढं तिनं एकदा तरी विचारायला पाहिजे व्हतं."

झालं, मी मनात म्हटलं. संपलं सगळं. बाबांचा चेहरा तसाच होता.

"मी भावकीपुढं शब्द दिल्ता," ते म्हणाले. "एक विषय राह्यला तर घरी."

"शब्द पाळायलाच पाहिजे," चाचा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

तेवढ्यात शेजारच्या काकू गव्हाचा डबा घेऊन आल्या. आधी कुणाची तरी बाजरी दळून झाली होती. बाबांनी गहू ओतले, आणि पहिलं जे करडं पीठ आलं ते सुपात घेऊन बाजूला ठेवलं. मग पांढरं यायला लागल्यावर काकूंचा डबा खाली लावला. आमच्याकडे हे रोजचंच. माझं तिकडं लक्षही गेलं नसतं. चाचा मात्र कागद वाचावा तसे बघत होते.

"हे बाजूला कशाला काढलं?"

"दगडात आधीचं थोडं राह्यतंच," बाबा म्हणाले. "कितीबी झटका. पहिलं सूपभर काढावं लागतं, न्हाईतर पोळ्या काळ्या व्हत्यात."

"आन् एखाद्या बारी काढायचं राह्यलं, मिसळलं, तर?"

"तर चूक माझी. आपल्या घरचं पीठ देतो बदलून."

"बाईला न्हाई म्हणत, की बाई, डबा उचल आन् घरी जा, आता तुझं दळण बंद?"

बाबांनी गिरणी बंद केली. पट्टा हळूहळू थांबला. काकू डबा धरून माझ्याकडे बघत होत्या.

"तुमचं पीठ मिसळलं म्हणून तुम्ही बदलून द्यायला आलेत व्हय?" बाबांनी विचारलं.

"व्हय. एकोणिसावं पान बदलून देतो. बाकी दळायचं तिचं तिनं."

बाबांनी सुपातलं करडं पीठ चिमटीत घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "दिवाळीच्या आधीची परीक्षा. तवर खोली राहू दे. भावकीला मी बघतो." आणि माझ्याकडे न बघता, "ह्या बारीला वाचून जा."

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. चाचांनी मला रोज फळीवर बसवलं. पाठ म्हणायचं नाही. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि ते समोरच्याला समजावून सांगायचं. समोरचा म्हणजे रांगेतला कुणीही. मी अध्यादेश म्हणजे काय ते एका रिक्षावाल्याला समजावलं, पक्षांतरबंदी एका नवरदेवाला, आणि त्या नवरदेवानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले. शीतल हसून हसून बेजार व्हायची. मी चिडायचे, कंटाळायचे, पण उठले नाही. ती फळी मला सोडायची नव्हती.

इकडं चाचांनी दुकानाबाहेर एक पाटी लावली. 'राज्यपालाकडे हत्ती नसतात. आमच्या नोट्सचं पान १९ बदलून मिळेल.' येणारे-जाणारे थबकायचे. कुणाला वाटलं, निवडणुकीची काहीतरी भानगड आहे. तिसऱ्या दिवशी एक हवालदार आला, पाटी दोनदा वाचली आणि दरडावून विचारलं, हे कुणाला उद्देशून आहे? चाचांनी त्याला दोन्ही सेट दाखवले. त्यानं एकोणिसावं पान पुन्हा पुन्हा वाचलं. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "चाचा, माझ्याकडं बी हेच पान हाय. मी याच्यावरच पास झाल्तो." दुसऱ्या दिवशी तो साध्या कपड्यांत आला आणि पान बदलून घेऊन गेला.

असे कितीजण आले! नोकरीला लागलेले, लग्न झालेले, दुकान टाकलेले. ज्यांना त्या पानाचा आता काडीचा उपयोग नव्हता तेही आले. जुनं पान द्यायचे, नवं घ्यायचे आणि फळीवर तासभर बसायचे. चाचा आता आत जाणारा कागदही वाचायचे आणि बाहेर येणाराही, त्यामुळं दोन तासांचे चार झाले. मोती तलावाचे कठडे त्या काळात ओस पडले असतील तर नवल नाही.

मी पास झाले. मार्क सांगण्यासारखे नव्हते, पण माझे होते. पुढं तिसरं वर्षही निघालं, एकही विषय न राहता. बाबांचा शब्द पुरा झाला. मला घेऊन जायला ते स्वतः जालन्याला आले. खोलीतलं सामान एका गोणीत मावलं. शीतलचा निरोप घेतला. बसस्टँडला जाण्याआधी मी म्हटलं, "बाबा, जरा चाचांकडं जाऊ." माझ्या पर्समध्ये एम.ए.चा फॉर्म होता. महिनाभर मी तो घेऊन फिरत होते आणि घरी सांगायचा धीर होत नव्हता. आता म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे.

बाबा फळीवर बसले. मी रांगेत उभी राहिले आणि नंबर आल्यावर फॉर्म काउंटरवर ठेवला. चाचांनी वरपासून खालपर्यंत वाचला. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पालकाची सही न्हाई. अधुरा कागद आत जात न्हाई."

मी वळले. बाबा उठून आले. त्यांनी आयुष्यभर बँकेत, सोसायटीत, माझ्या शाळेत, जिथं बोट दाखवतील तिथं न बघता सही केलेली मी पाहिली होती. चाचांनी पेन पुढं केलं. बाबांनी ते घेतलं नाही. त्यांनी चाचांचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर धरला, फॉर्मवर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. माझं नाव वाचलं. विषय वाचला. मागं अकरा जण उभे होते; एकानंही जल्दी करा म्हटलं नाही.

कालावधीच्या ओळीवर बोट थांबलं.

"दोन वर्षं?"

"हो, बाबा."

"ही बी जालन्यातच?"

"हो."

ते पुढची ओळ वाचायला लागले. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, चाचांना परत दिला, आणि पेनासाठी हात पुढं केला.